सौरेतर ग्रहांची वातावरणे : अधिक्रमण-वेधांचा इतिहास

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना सौरेतर ग्रह म्हणतात. (त्यांना ‘बहिर्ग्रह’ असेही संबोधण्यात येते, तथापि पृथ्वीच्या कक्षेबाहेरून फिरणाऱ्या मंगळ, गुरू इ. ग्रहांसाठी ही संज्ञा मराठीत पूर्वीपासून रूढ असल्याने येथे ती टाळली आहे.) असा ग्रह आपल्या ताऱ्याच्या बिंबावरून सरकताना दिसल्यास त्या घटनेस अधिक्रमण म्हणतात. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या कडेवरील वायूंच्या थरातून गाळून येतो व त्या प्रकाशाच्या वर्णपटात त्या वायूंच्या खुणा उमटतात. ग्रहाचे स्वतंत्र चित्र मिळविणे शक्य नसतानाही त्याच्या वातावरणातील घटक ओळखण्याची ही पद्धती एकविसाव्या शतकात अवकाश दूरदर्शकांच्या साहाय्याने विकसित झाली. तिची मूळ कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातील ग्रहणवेधांत सापडते आणि त्या वेधांपैकी काही महत्त्वाचे वेध कोकण व दक्षिण महाराष्ट्राच्या सीमाभागात घेतले गेले होते.

या वेधांत मोजावयाची राशी अतिशय लहान असते. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचा प्रकाश सु. १ टक्क्याने कमी होतो. पृथ्वीएवढा ग्रह असेल, तर ही घट सु. १२,००० व्या भागाइतकीच असते. वातावरणाची खूण म्हणजे या घटीतील तरंगलांबीनुसार पडणारा फरक होय. एखादा वायू ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, त्या तरंगलांबीत ग्रह किंचित मोठा भासतो व घट तेवढीच वाढते. मोठ्या व उष्ण ग्रहांच्या बाबतीतही ही वाढ बहुधा दहा हजारांत एक ते दहा भाग इतकी असते. पृथ्वीच्या वातावरणात बाष्प, कार्बन डाय-ऑक्साइड व ओझोन हे वायू आहेतच, शिवाय सु. ९० किमी. उंचीवर सोडियमाचा विरळ थरही आहे. जे शोधावयाचे, त्यातीलच बरेचसे निरीक्षकाच्या डोक्यावर पसरलेले असल्याने ही मापने वातावरणाबाहेरून करणे श्रेयस्कर ठरते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून विजापूर व गुंटूर मार्गे मछलीपट्टणकडे गेला होता. किरखोफ व बन्सन यांनी वर्णपटावरून मूलद्रव्ये ओळखण्याची रीत प्रस्थापित करून त्या वेळी जेमतेम आठ-नऊ वर्षे झाली होती आणि खग्रास सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबूस तेजःशृंगांवर ती प्रथमच वापरली जाणार होती. चंद्रबिंबाने दीप्तिगोलाचा झगझगाट झाकला की, कडेवरील वायूंचा पातळ थर तेवढा उरतो. अधिक्रमण-वेधातही लक्ष्य असते ते बिंबाच्या कडेवरील वायूचे कडेच. भेद एवढाच की, सूर्यग्रहणात कडे झाकल्या गेलेल्या ताऱ्याचे असते, तर अधिक्रमणात ते झाकणाऱ्या ग्रहाचे असते.

पटवर्धनांच्या संस्थानातील जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल (विख्यात ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यांचे नातू), विजापूर येथे कॅप्टन हेग, गुंटूर येथे मेजर टेनंट व फ्रेंच शास्त्रज्ञ झांसेन, तर मछलीपट्टण येथे मद्रास वेधशाळेचे पॉगसन हे वेधासाठी सज्ज होते. जमखंडीला ढगांनी बराच व्यत्यय आणला. तरी मिळालेल्या अवधीत हर्शेल यांना तेजःशृंगाच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. तेजःशृंगे तप्त वायूंची बनलेली आहेत, हे त्यामुळे निर्विवाद ठरले. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनाची होती. नारिंगी-पिवळी रेषा हर्शेल यांनी सोडियमाची, म्हणजे डी या नावाने ओळखली जाणारी, मानली. टेनंट यांचेही तेच मत झाले. पॉगसन यांनी ती डीच्या जागी वा तिच्या जवळ असल्याची सावध नोंद केली. ही चूक निरीक्षकांच्या हलगर्जीपणाची नव्हती. सोडियमाच्या दोन रेषा ५८९·० व ५८९·६ नॅनोमीटरला आहेत आणि दिसलेली रेषा ५८७·६ नॅनोमीटरला होती. काही मिनिटांच्या अंधारात, हाती असलेल्या उपकरणांनी एवढे अंतर ओळखणे दुष्कर होते. परिचित रेषेजवळ दिसलेली रेषा परिचितच असावी, असे मानण्याकडे मनाचा कल असतो आणि या विषयाच्या पुढील इतिहासातही तो पुनःपुन्हा आढळतो.

ग्रहण संपल्यावर दुसऱ्याच दिवशी झांसेन यांनी गुंटूर येथे ग्रहणाविना तेजःशृंगांच्या रेषा पाहिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे तेच साध्य केले. दोघांची वृत्ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबर रोजी एकाच बैठकीत सादर झाली. सवडीने मापन शक्य झाल्यावर पिवळी रेषा सोडियमाच्या दोन्ही रेषांपासून निराळी असल्याचे लॉक्यर यांना आढळले. तिला डी-३ असे नाव मिळाले व ती ज्या अज्ञात मूलद्रव्याची असावी, त्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हीलियम’ म्हणण्यात आले. अनेकांनी हे अनुमान संशयास्पद मानले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमाच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा आढळली, तेव्हा हा संशय फिटला.

लॉक्यर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हीलियमाचा शोध लावला, अशी समजूत महाराष्ट्रात प्रचलित असून किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ या नावाने ओळखले जाणारे चौथरे त्याची साक्ष म्हणून दाखविले जातात. ही समजूत दुरुस्त करावयास हवी. विजयदुर्ग १८६८ च्या खग्रास पट्ट्यात होते हे खरे. परंतु लॉक्यर त्या वर्षी भारतात आले नव्हते व त्यांचा वेध इंग्लंडमधील आहे. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या प्रसंगी ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांच्या मदतीने त्यांनी किल्ल्यावर मोठे शिबिर उभारले आणि सूर्याच्या वर्णगोलाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. तोवर हीलियम प्रयोगशाळेत सापडून तीन वर्षे होत आली होती. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली, असे दिसते. विजयदुर्गचे खरे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. त्याच ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी, तसेच अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या पथकाने वेध घेतले होते. ग्रहण-वर्णपटाचे तंत्र भारतीय अध्यापकाने स्वतःच्या वेधशाळेच्या बळावर हाताळल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडईकानलला गेली व पुण्यातील ही परंपरा खंडित झाली.

ग्रहाच्या अधिक्रमणाला वर्णपटदर्शक लावण्याचा प्रयत्नही भारतातच झाला. १७६१ च्या शुक्राच्या अधिक्रमणात बिंबाच्या कडेवर दिसलेल्या प्रकाशावरून लमनॉसव्ह यांनी शुक्राला वातावरण असल्याचे अनुमान केले होते. ९ डिसेंबर १८७४ च्या अधिक्रमणासाठी ताक्कीनी यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथक बंगालमधील मुद्दापूर येथे वर्णपटदर्शक घेऊन आले. या वेधांकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वस्तुतः आज दूरच्या ग्रहांवर वापरली जाणारी रीत तीच आहे.

१९९५ मध्ये मेयर व केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासदृश ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला. त्याच वर्षी ग्लीझ २२९ बी या तपकिरी खुजा ताऱ्याच्या शोधाची घोषणा झाली. तो शोधणाऱ्या गटात मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचे श्रीनिवास कुलकर्णी प्रमुख होते. या ज्योतीच्या वर्णपटात मिथेन आढळले. मिथेन ताऱ्याच्या उष्णतेत टिकत नाही, यास्तव ती तारा नव्हे हे त्यावरून ठरले. वातावरणातील एका रेणूवरून दूरच्या ज्योतीचे स्वरूप निश्चित होऊ शकते, हे या शोधाने दाखविले. मात्र ही ज्योती आपल्या ताऱ्यापासून दूर असल्याने तिचा प्रकाश वेगळा काढता आला होता. ताऱ्याला जवळजवळ चिकटून फिरणाऱ्या ग्रहांच्या बाबतीत अधिक्रमणाचाच आधार उरतो.

असे पहिले अधिक्रमण १९९९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे नोंदविले. महाश्व तारकासमूहातील सु. १६० प्रकाशवर्षे दूरच्या एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश दर साडेतीन दिवसांनी सु. तीन तास दीड टक्क्याने घटतो. सारा सीगर व दिमितार सॅसेलव्ह यांनी २००० साली या ग्रहाच्या वातावरणाच्या वर्णपटाचे भाकीत करून सोडियम, पोटॅशियम व हीलियम यांच्या रेषा शोधण्याजोग्या असल्याचे सांगितले. २००२ मध्ये डेव्हिड शार्बोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल अवकाश दूरदर्शकाच्या वेधांतून सोडियमाच्या डी रेषांच्या ठिकाणी सु. ०·०२ टक्के अधिक घट असल्याचे प्रसिद्ध केले. हबल १९९० मध्ये अवकाशात गेला, तेव्हा सूर्यासदृश ताऱ्याभोवतीचा एकही ग्रह ज्ञात नव्हता. या कामासाठी तो घडविलाच नव्हता.

सौरेतर ग्रहाच्या वातावरणाचा पहिला ज्ञात घटक म्हणून हा शोध दोन दशके उद्‌धृत होत राहिला. २०२० पासून मात्र त्याविषयी प्रश्न उपस्थित झाले. तारा स्वतःभोवती फिरत असल्याने त्याच्या बिंबाची एक बाजू आपल्याकडे येत असते व दुसरी दूर जात असते. शिवाय बिंबाच्या मध्यभागी व कडेला रेषांचे आकार निराळे असतात. ग्रह बिंबाचा जो भाग झाकतो, त्यानुसार ताऱ्याच्याच सोडियम रेषेचा आकार बदलतो. केवळ या बदलानेही निरीक्षित परिणाम घडू शकतो, असे पृथ्वीवरील मोठ्या दूरदर्शकांच्या सूक्ष्म वर्णपटांवरून एका गटाने दाखविले व त्यावरील चर्चा पुढे चालू राहिली. जमखंडीला जी रेषा सोडियमाची नव्हती ती सोडियमाची मानली गेली. येथे रेषा सोडियमाचीच आहे, पण ती ग्रहाची की ताऱ्याची, हा वाद आहे.

२००३ मध्ये सोडलेल्या स्पिट्झर अवकाश दूरदर्शकाने अवरक्त प्रारणात दुसरी वाट चोखाळली. ग्रह ताऱ्यामागे लपला असता एकूण प्रारण किती घटते, यावरून ग्रहाचे स्वतःचे औष्णिक प्रारण २००५ मध्ये प्रथमच मोजले गेले. पुढील काही वर्षांत बाष्प, मिथेन इत्यादींचे अनेक दावे झाले आणि त्यांतील काही उपकरणांच्या दोषांचे योग्य निराकरण केल्यावर टिकले नाहीत. २०१४ मध्ये जीजे १२१४बी या ग्रहाचा हबलने घेतलेला वर्णपट जवळजवळ सपाट निघाला. उंचावरील ढगांमुळे किंवा धुरकटपणामुळे खालच्या वायूंच्या खुणा झाकल्या गेल्या होत्या.

सीगर-सॅसेलव्ह यांनी सुचविलेल्या हीलियमाचा शोध २००३ मध्ये जमिनीवरून घेतला गेला, पण तो निष्फळ ठरला. त्यानंतर तो जवळजवळ विस्मृतीत गेला. मे २०१८ मध्ये जेसिका स्पेक व सहकाऱ्यांनी कन्या तारकासमूहातील सु. २०० प्रकाशवर्षे दूरच्या वॉस्प-१०७बी या ग्रहाच्या हबल वेधांत १,०८३ नॅनोमीटर तरंगलांबीस सु. ०·०५ टक्के अधिक घट आढळल्याचे प्रसिद्ध केले. सौरेतर ग्रहावर हीलियम सापडण्याची ही पहिलीच वेळ होती. हा ग्रह आकाराने जवळजवळ गुरूएवढा, पण वस्तुमानाने त्याच्या सु. एक-अष्टमांशच आहे. त्याचे वातावरण इतके विरळ व फुगलेले आहे की, त्यातून वायू सतत अवकाशात निसटत आहे.

१८६८ ची पिवळी रेषा आणि २०१८ ची अवरक्त रेषा यांचा संबंध केवळ नावापुरता नाही. हीलियम अणूमधील दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने समांतर असतील, तर त्याच्या ऊर्जा पातळ्यांची एक स्वतंत्र मालिका तयार होते. या मालिकेतील वरच्या एका पातळीवरून अणू खाली येतो, तेव्हा डी-३ रेषा उत्सर्जित होते. तेथून आणखी एक पायरी उतरताना १,०८३ नॅनोमीटरची रेषा मिळते. म्हणजे एक रेषा जेथे संपते तेथेच दुसरी सुरू होते. सर्वांत खालची पायरी मितस्थायी असते. तेथे एकाकी अणू सरासरी दोन तासांहून अधिक काळ राहू शकतो. ताऱ्याच्या तीव्र जंबुपार व क्ष-किरणांनी हीलियमाचे आयनीभवन होऊन पुन्हा संयोग होताना अणू या पायरीवर येऊन साठतात व ताऱ्याचा अवरक्त प्रकाश शोषतात. ग्रहावरून निसटणारा हायड्रोजन शोधण्यासाठी जी जंबुपार रेषा लागते, ती ताऱ्यांदरम्यानच्या हायड्रोजनामुळे बरीचशी गिळली जाते. हीलियमाच्या अवरक्त रेषेला हा अडथळा नाही आणि ती जमिनीवरूनही दिसते. २०१८ च्या अखेरीपर्यंत आणखी काही ग्रहांवर, त्यांपैकी काहींवर जमिनीवरील दूरदर्शकांनीच, हीलियम सापडला. एका लहानशा अवकाशवेधाने पृथ्वीवरील वेधशाळांना हे काम परत मिळवून दिले, असे म्हणता येईल.

वातावरण टिकणे वा निसटणे हे ताऱ्याच्या उद्रेकांवर अवलंबून असते व ताऱ्यावरील डाग आणि उद्रेक वेधांतही भेसळ करतात. आपल्या सूर्याच्या अशा उद्रेकाची सर्वांत प्रसिद्ध नोंद मुंबईची आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लाने घसरला. या नोंदीचे विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात कुलाबा वेधशाळेची वारसदार असलेल्या व आता नवी मुंबईत नवीन पनवेल येथे असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे, सौरेतर ग्रहांना ते आहे काय, हे रेडिओ तरंगांवरून कळू शकेल, या अपेक्षेने नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने (४५ मी. व्यासाचे ३० तबक-आकाशक) काही अधिक्रमणी ग्रहांचे वेध घेतले. एचडी १८९७३३बी व एचडी २०९४५८बी यांपासून काही आढळले नाही. एचएटी-पी-११बी या ग्रहाच्या २००९ मधील वेधांत १५० मेगॅहर्ट्‌झला क्षीण संकेताचा भास झाला. पुढल्या वर्षी तो पुन्हा मिळाला नाही आणि संशोधकांनी २०१३ च्या आपल्या लेखात त्यास ‘सूचन’ एवढेच म्हटले. या संयमाची नोंद घेणे उचित आहे.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेला जेम्स वेब अवकाश दूरदर्शक पृथ्वीपासून सु. १५ लाख किमी. अंतरावर आहे. त्याचा आरसा ६·५ मी. व्यासाचा (हबलचा २·४ मी.) असून तो मुख्यतः अवरक्तात काम करतो. त्याने २०२२ मध्ये वॉस्प-३९बी या सु. ७०० प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावर प्रथम कार्बन डाय-ऑक्साइड व नंतर सल्फर डाय-ऑक्साइड शोधला. यांपैकी दुसरा वायू ताऱ्याच्या प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक विक्रियांचे फलित असल्याने अशी प्रकाश-रासायनिक घडामोड दुसऱ्या ग्रहमालेत प्रथमच प्रत्ययास आली. वॉस्प-१०७बीवरही हा वायू, तसेच सिलिकेटांचे ढग आढळले. पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांबाबत मात्र हाती फार थोडे लागले आहे. सु. ४० प्रकाशवर्षे दूरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद ताऱ्याच्या सर्वांत आतील दोन ग्रहांवर दाट वातावरण नसावे, असे २०२३ मध्ये दिसून आले.

सिंह तारकासमूहातील सु. १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहाचे उदाहरण सर्वाधिक गाजले. पृथ्वीच्या सु. अडीचपट व्यासाच्या या ग्रहावर बाष्प असल्याचे हबलच्या वेधांवरून २०१९ मध्ये दोन गटांनी जाहीर केले. २०२३ मध्ये वेबने तेथे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड असल्याचे दाखविले. बाष्प स्पष्टपणे आढळले नाही. हबलच्या मर्यादित तरंगलांबीपट्ट्यात मिथेनचे शोषण बाष्पासारखेच भासते, हे त्याचे संभाव्य कारण आहे. केंब्रिज विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने त्याच वर्षी डायमिथिल सल्फाइडाच्या अंधुक खुणेचा उल्लेख केला व एप्रिल २०२५ मध्ये अधिक लांब तरंगलांबीच्या वेधांवरून तिचे समर्थन केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे सागरी वनस्पतिप्लवकांपासून निर्माण होत असल्याने वृत्तपत्रांतून सजीवसृष्टीची चर्चा झाली. तथापि हाच रेणू एका धूमकेतूवरही आढळला आहे. आणि त्याच वेधांचे अन्य गटांनी पुन्हा विश्लेषण केले असता पुरावा अपुरा असल्याचे त्यांचे मत पडले. खुद्द मूळ गटानेही आपला निष्कर्ष शोध म्हणण्याइतका निश्चित असल्याचा दावा केलेला नाही. अधिक वेध मिळाल्याखेरीज याचा निर्णय होणार नाही. ग्रहाची प्रदक्षिणा सु. ३३ दिवसांची असल्याने वर्षात त्याची अकराच अधिक्रमणे होतात आणि सूर्याकडे पाठ करूनच वेध घ्यावे लागणाऱ्या या दूरदर्शकाला त्यांपैकी थोडीच पाहता येतात.